ढेकर न येणारं जेवण

सौदेकरी
९ फेब्रुवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीचा. मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे, आजोबांनी सुरू केलेली. वय त्रेचाळीस. दारू नाही, सिगरेट नाही. कॉलेजात सहा महिने मावा खाल्ला, तोही लग्नाआधीच सुटला. आई पाहुण्यांना कौतुकानं सांगते, "आमच्या पोराला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही." गेल्या मंगळवारी ते खोटं ठरलं.

रात्री जेवायला बसलो होतो. भरलं वांगं, तेही कृष्णाकाठच्या वांग्यांचं, म्हणजे आणखी काही सांगायला नको. ताट चाटूनपुसून खाल्लं, हात धुतला. मग आई जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अरे, मिठाचा कण नाही की यात! आणि तू बोलला नाहीस?"

मला कळलंच नव्हतं. डाव्या हातात फोन होता, हळदीचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव, बघत होतो. आता गंमत बघा. वायद्याचा बाजार संध्याकाळी पाचला बंद होतो. रात्री नऊ वाजता मी बंद बाजाराचा भाव बघत होतो. तो सकाळपर्यंत हलणार नाही हे मला कळतं, दुकानातल्या हमालाला कळतं. अंगठ्याला कळत नाही.

त्या दिवशी फोन किती वेळा उघडला ते फोनमध्येच सापडलं. १८६. झोपेचे सहा तास सोडले तर तासाला दहा वेळा. त्यातल्या कामाच्या वेळा काढायला बसलो, पंचवीसच्या वर नेता आल्या नाहीत.

आमचे आबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची एक सवय होती. जेवण झालं की तांब्याभर पाणी प्यायचे, मोठ्ठा ढेकर द्यायचे आणि म्हणायचे, "झालं." एकदा ‘झालं’ म्हटलं की पुढ्यात नरसोबाच्या वाडीची बासुंदी आणून ठेवली तरी बोट लावायचे नाहीत. आम्हा पोरांना त्या ढेकराची लाज वाटायची. आता वाटतं, माझ्या दिवसात तो ढेकर कुठं आहे? भाव बघितला, झालं असं वाटत नाही. रील बघितलं, झालं असं वाटत नाही. शंभर बघितली तरी नाही.

हे सगळं डोपामिनचं असतं म्हणतात. म्हणजे नेमकं काय? आणि यातून कुणी बाहेर पडलंय का? ध्यान, नामस्मरण, उपास, काहीही सांगा, ऐकेन. फक्त ‘सकारात्मक राहा’ एवढं सांगू नका, ते मला रोज सकाळी सहा वाजता फुलांच्या फोटोसकट येतं.

भडंगवाला
१० फेब्रुवारी, रात्री १२:०३

पहिला!

भडंगवाला
१० फेब्रुवारी, रात्री १२:०९

आता धागा वाचला. न वाचता आधी प्रतिसाद ठोकला म्हणजे मलाही तोच रोग आहे. खुर्ची टाकून बसतो.

बॅकलॉग
१० फेब्रुवारी, रात्री १:३७

काका, माझा आकडा २९०. विश्रामबागेत राहतो, इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष. वेळ बघा प्रतिसादाची.

एक सांगू का, स्क्रीन खाली सरकवत राहिलं की पुढचं आपोआप येत राहतं, ही सोय २००६ साली एझा रॅस्किन नावाच्या डिझायनरनं काढली आणि नंतर त्यालाच तिचा पस्तावा झाला. त्याआधी निदान ‘पुढचं पान’ असं बटण दाबावं लागायचं. पेपरला शेवटचं पान असतं, तिथं आपण घडी घालतो. याला घडीच नाही. तुमच्या आबांचं ‘झालं’ म्हणजे ते शेवटचं पान असणार.

वाईट म्हणजे मला हे सगळं माहीत आहे. यावर मी सेमिनार दिलाय. ‘ए’ ग्रेड मिळाली.

मिरजकर_डॉक्टरीण
१० फेब्रुवारी, दुपारी २:४०

सौदेकरी, थोडं लांबण लावते. ओपीडी आत्ताच संपली आहे.

डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात तिथूनच घोळ सुरू होतो. १९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यात एक कळ ठेवली. कळ दाबली की तारेतून विजेचा हलका प्रवाह. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबत सुटले. सगळ्यांना वाटलं, सुखाची जागा सापडली. पुढची कित्येक वर्षं तेच शिकवलं गेलं.

मग मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी उलटा प्रयोग केला. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलं होतं, ते समोरचं अन्न खायला तोंड पुढं करेनात. भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की ते अगदी पूर्वीसारख्या मिटक्या मारायचे! म्हणजे चव शाबूत, सुख शाबूत, गेली होती ती फक्त उठून जायची इच्छा. आपल्याकडे याला शब्द तयारच आहेत: गोडी आणि ओढ. डोपामिनचं खातं मुख्यतः ओढीचं. गोडीचं खातं बऱ्याच अंशी वेगळं.

तुमचं वांगं इथं बसतं. फोनकडे ओढ पुरेपूर होती, गोडी शून्य. आणि ताटात गोडी होती, तिकडे तुम्ही नव्हता.

आता बंद बाजाराचा भाव. वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर काम केलं. माकडाला फळाचा रस अचानक मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात पेटायच्या. रसाच्या आधी दरवेळी दिवा लागतो हे माकडाला कळलं, तेव्हा पेशी दिव्याला पेटायला लागल्या आणि रस आला तरी गप्प. दिवा लागून रस आलाच नाही तर नेहमीच्या पातळीच्याही खाली. तुमच्या भाषेत सांगते. क्विंटलला पंधरा हजार येणार असं धरून बसलात आणि पंधराच आले, पेशी ढिम्म. सतरा आले, उसळी. बारा आले, मोड. म्हणजे तिथं हिशेब भावाचा चालत नाही, अंदाज किती चुकला याचा चालतो. पुढं २००३ मध्ये त्यांच्याच गटाला असं दिसलं की बक्षीस मिळेल की नाही हे अगदी निम्मंनिम्मं असलं, की वाट बघतानाच पेशींची धुगधुग सगळ्यात जास्त असते. फोन उघडताना नेमकं हेच असतं: कदाचित काही असेल, कदाचित नसेल.

आणि कृपा करून ‘डोपामिन डिटॉक्स’ म्हणू नका. १९५७ च्या सुमारास आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं (आपल्या सर्पगंधेतून निघतं ते), तर ससे दगडासारखे बसून राहिले. डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचल्यावर टुणकन उठले. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. मेंदूतलं डोपामिन खरंच काढून टाकलं तर तुम्हाला भाकरी मोडायलाही हात उचलता येणार नाही. पार्किन्सनचे, म्हणजे डोपामिन कमी पडून हालचाल मंदावलेले, रुग्ण मी रोज बघते. उपास करायचाच तर सवयीचा करा.

भडंगवाला
१० फेब्रुवारी, दुपारी २:५८

दंडवत डॉक्टर. ‘गोडी आणि ओढ’ लिहून फ्रिजवर लावलं. फ्रिज दिवसातनं चाळीस वेळा उघडतो, तेवढंच वाचन.

अवांतर: खाजकुइलीच्या बियांची पूड डोपामिन वाढवते म्हणून आमच्या एका मित्रानं मागवलीय. खरं का?

मिरजकर_डॉक्टरीण
१० फेब्रुवारी, दुपारी ३:२०

खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असतं हे खरं आहे, १९३७ मध्ये भारतातल्याच संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं होतं. म्हणूनच मनानं घेऊ नका. पार्किन्सनवर डोपामिनसारखं काम करणारी काही औषधं दिली जातात, त्यांच्या माहितीपत्रकातच इशारा असतो की काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा अनावर नाद लागू शकतो. आयुष्यात पत्ता न खेळलेली माणसंही त्यात सापडतात. ओढ वाढवणं हे वरदान असतंच असं नाही. मित्राला सांगा.

तिरकस_सातारकर
१० फेब्रुवारी, रात्री ८:१५

सगळं छान. पण मला एक कळत नाही. ओढ नसती तर सौदेकरींच्या आजोबांनी अडत काढली असती का? आमच्या साताऱ्याला ‘पेन्शनरांचं गाव’ म्हणतात. समाधान इथं पोत्यानं मिळतं. संध्याकाळी ‘चार भिंती’ स्मारकाच्या टेकडीवर जाऊन वारा खायचा, येताना मोती चौकातनं कंदी पेढे घ्यायचे, नऊला अंथरुणात. आणि पोरं? पोरं पुण्याला. समाधानानं नोकऱ्या निर्माण होत नाहीत.

आणि सज्जनगडाच्या पायथ्याला राहून सांगतो, रामदासांनी समाधानाइतकंच यत्नावरही लिहिलंय आणि आळशी माणसाला धू धू धुतलंय. ते सोयीनं विसरलं जातं. हलकेच घ्या.

सौदेकरी
१० फेब्रुवारी, रात्री ९:०२

सातारकर, हलकं घेतलं. पण १८६ वेळा फोन उघडण्यात यत्न कुठं आहे? आजोबा पहाटे चारला उठून बैलगाडीच्या चाकाला ग्रीस लावायचे, त्याला यत्न म्हणा. मी अंथरुणात लोळत अंगठा हलवतो. ओढ त्यांचीही होती, माझीही आहे. त्यांच्या ओढीतून पोती इकडची तिकडं झाली. माझ्या ओढीतून काय हललं?

तिरकस_सातारकर
१० फेब्रुवारी, रात्री ९:१०

हा मुद्दा बरोबर. अर्धा.

बॅकलॉग
१० फेब्रुवारी, रात्री ११:४६

आमच्याकडे निम्मी पोरं शेअर बाजारात ऑप्शन खेळतात, त्यांना पण यत्न वाटतो तो. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते. तीन आर्थिक वर्षांत शेअरच्या वायदा-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. मी रूममेटला दाखवले. तो म्हणाला, "म्हणजे सात टक्क्यांत जागा आहे."

कडेगावची_लेक
११ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

इथं आमच्या भागातलं कुणीच कसं बोललं नाही? मोहित्यांचे वडगाव विसरलात काय? कडेगाव तालुका, आपलाच सांगली जिल्हा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावसभेत ठरलं, रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार, की घराघरांतला टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या हातात अभ्यासासाठी फोन दिले आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात, त्यातनं हे निघालं. बाहेरदेशीचे पत्रकार येऊन गेले तेव्हा आपल्याला कळलं, नेहमीप्रमाणे.

माझी मावशी त्या बाजूला आहे. दिवाळीत तिच्याकडं गेले होते. भोंगा वाजला आणि खरं सांगते, पहिली वीस मिनिटं अंगावर पाल पडल्यासारखं झालं. हात पर्समध्ये जातोय, परत येतोय. मावशी शेंगा फोडत बसलेली, ती म्हणाली, "ये की, फोड." फोडल्या. शेंगा फोडताना बोलणं आपोआप येतं, हे तुम्हाला सांगायला नको. साडेआठचा भोंगा झाला तेव्हा मावशीच्या सासूच्या लग्नाची गोष्ट निम्म्यावर आली होती आणि मला फोन नकोसा वाटला.

मला त्यातलं पटलं ते असं, की सगळ्यांचा एकदम बंद असतो. एकट्यानं बंद केला की आपलं काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. सगळ्या गावाचाच बंद असला तर चुकायचं काय? आधी हेच दिवेलागणीला होतं की. दिवा, शुभंकरोती, पाढे, मग ताट. तेव्हा भोंगा लागत नव्हता एवढंच.

मिरजकर_डॉक्टरीण
११ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

+१. दिवा लागला की रस येतो हे माकड जसं शिकतं, तसंच भोंगा झाला की शेंगा आणि गप्पा, हेही मेंदू शिकतो. खूण तीच ठेवून तिच्या मागचं बक्षीस बदलता येतं.

आळत्याहून_परत
११ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मी आळत्याला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलोय, हातकणंगले तालुक्यात केंद्र आहे. इगतपुरीला गोयंका गुरुजींनी १९७६ साली सुरू केलं, त्याच पद्धतीचं. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून बसायचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, फोन पहिल्याच दिवशी जमा. पैसे मागत नाहीत, शिबिर संपल्यावर वाटलं तर दान.

पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरच्या सूचना पाठ केल्या होत्या, वाचायला दुसरं काही नव्हतं. चौथ्या दिवसापासून शरीरभर मन फिरवायचं आणि एक तास न हलता बसायचं. सहाव्या की सातव्या दिवशी माझ्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. खाजवायची नाही, नुसती बघायची. मंडळी, ती खाज आधी वाढली, मग तिला ठोके आले, मग असं वाटलं की आता मेलो, आणि मग गेली. कुणीही न खाजवता गेली! बेचाळीस वर्षांत मला माहीतच नव्हतं की खाज आपली आपण जाते, कारण तिला तेवढा वेळ मी कधी दिलाच नव्हता.

आता पुढचं. अकराव्या दिवशी सकाळी फोन हातात मिळाला. परतीच्या बसमध्ये मी अकराशे मेसेज वाचले. हातकणंगले कधी मागं गेलं, अंकली कधी आली, कळलं नाही. सांगली स्टँडला उतरलो तेव्हा डोळे लाल.

म्हणून कुणाला ‘शिबिर करा, सुटाल’ असं सांगत नाही. खाज जाते एवढं मात्र मी स्वतः बघितलंय.

मिरजकर_डॉक्टरीण
११ फेब्रुवारी, रात्री १०:५५

आवडलं. एक सूचना करते, रागावू नका. मन फार खचलेलं असेल, झोप उडाली असेल, जेवणावरची वासनाच गेली असेल, तर दहा दिवस मौनात बसण्याआधी डॉक्टरांना भेटा. कशातच गोडी न वाटणं हा आजार असू शकतो, त्याला आध्यात्मिक प्रगती समजू नका.

नाममात्र
१२ फेब्रुवारी, पहाटे ५:४०

सर्वांना श्रीराम. वय सत्तर. म्हसवडला असतो, गोंदवले जवळ. महिन्यातून एकदा तरी समाधीला जातो, दुपारी प्रसादाच्या पंगतीत बसतो. ब्रह्मचैतन्य महाराज १९१३ साली गेले, अन्नदान अजून थांबलेलं नाही. आमटी-भातच असतो, पण तिथं मला कधी मिठाचा प्रश्न पडला नाही.

माझी गोष्ट सांगतो, हसू नका. मी चाळीस वर्षं माळेवर जप करतो. नातवानं फोनवर जपाचं अ‍ॅप घालून दिलं. बोट टेकवलं की आकडा वाढतो. पहिल्या आठवड्यात रोज तीन हजार. मग अ‍ॅपनं सांगितलं, सलग सात दिवस झाले, आणि पडद्यावर एक पिवळं पदक फुललं. मी, सत्तर वर्षांचा म्हातारा, पदकावर खूश! मग चौदा दिवसांचं पदक. एकविसाव्या दिवशी पुतण्याच्या लग्नात होतो, जप राहिला. मी मांडवामागं जाऊन पत्रावळींच्या ढिगाशेजारी उभा राहून बोट बडवत होतो. तोंडात नाम नव्हतं. पदक जाऊ नये म्हणून नुसतं बोट चालू होतं.

त्या रात्री अ‍ॅप काढलं. आमच्याकडं मोजून जप करायची रीत आहेच, तेरा कोटीचे संकल्प लोक करतात, मोजण्याला माझा विरोध नाही. पण माळेत एकशे आठ मणी झाले की मेरुमणी येतो. तो ओलांडायचा नसतो, माळ फिरवून परत मागं यायचं. बोटाला कळतं, एक फेरी झाली. आणि माळ कधी नवीन काही दाखवत नाही. तोच मणी, तेच नाम. डॉक्टरीणबाईंचं वाचून आता वाटतं, अंदाज चुकायची सोयच नाही त्यात, म्हणून मन पहिल्यांदा इतकं कंटाळतं. कंटाळ्याच्या पलीकडं काय असतं ते लिहिता येत नाही मला. रोज मिळतं असंही नाही.

सौदेकरी, तुमचे आबा चित्राहुती घालत होते का? ताटाभोवती पाणी फिरवून भाताची चार शितं बाजूला ठेवायची. भूक लागलेल्या माणसाला क्षणभर थांबवायची युक्ती आहे ती, बाकी पुण्य असलं तर असो.

सौदेकरी
१२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

घालायचे! रोज. नि मी पोरगा असताना ती शितं मुंगीला घालायला पळायचो. काका, कुठली तरी खपली निघाली बघा सकाळी सकाळी.

हरिपूरकर
१२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

सौदेकरी हळदवाले आहेत म्हणून सांगतो, आमच्या हरिपूरची पेवं तुम्हाला ठाऊक असणारच. इतरांसाठी: जमिनीत खोल खणलेलं, वर तोंड अरुंद आणि पोटात मोठं असं कोठार. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत प्राणवायूच उरत नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीचशी गेली, आता गोदामं आणि कोल्ड स्टोरेज. पण पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड उघडून तासन् तास ठेवायचं, हवा खेळू द्यायची, मग माणूस. घाई केली तर जीव जायचा.

फोनचं तोंड उघडावंसं वाटलं की मी मनात म्हणतो, पेव आहे, थांब. शंभर मोजेपर्यंत निम्म्या वेळा विसरूनच जातो कशाला उघडत होतो. निम्म्या वेळा उतरतो.

तिरकस_सातारकर
१२ फेब्रुवारी, दुपारी २:००

पेवाची उपमा सपशेल आवडली. विरोध मागे घेत नाही, पण आवडली.

बॅकलॉग
१४ फेब्रुवारी, रात्री १२:२०

दोन दिवस भोंगा प्रयोग होस्टेलवर केला. सातला अलार्म लावला. अलार्म फोनवरच होता. बंद करायला फोन हातात घेतला आणि साडेआठला खाली ठेवला.

भडंगवाला
१४ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

खिक्! चावीचं घड्याळ घे बाबा.

सौदेकरी
१९ मार्च, संध्याकाळी ६:३५

मंडळी, महिनाभर इकडे फिरकलो नाही, माफी. नवीन हळदीची आवक जोरात आहे, यार्डात पाय ठेवायला जागा नाही. बऱ्याच जणांनी विचारपूस केली म्हणून लिहितो.

काय केलं ते सांगतो, क्रम नाही. वायद्याचं अ‍ॅप दुकानातल्या जुन्या फोनवर टाकलं, तो फोन दुकानातच राहतो. भाव बघायचा तर गल्ल्यावर बसूनच. पहिले चार दिवस संध्याकाळी उगीच दुकानाकडं स्कूटर वळायची. सकाळी सरकारी घाटावर जातो, पंधरा मिनिटं पायरीवर बसतो. ध्यान वगैरे म्हणणार नाही. श्वास मोजायला घेतो, आठ-नऊपर्यंत जातो, मग हळद येते डोक्यात, मग परत एकपासून. आयर्विन पुलाकडं बघत बसलो तर तेही नीट बघता येत नाही हे कळलं. इतकी वर्षं त्याच्या कडेनं जातोय, कमानी कधी मोजल्या नव्हत्या. माळ ओढायला घेतली होती, पण मला जमली नाही. नाममात्र काका, खरं तेच सांगतो.

आणि ताटाभोवती पाणी फिरवतो. मंत्र येत नाही, नुसतं पाणी. लेकीनं पहिल्या दिवशी विचारलं, "बाबा, सांडलं का?"

आकडा आता सत्तर-ऐंशीच्या आसपास असतो. परवा मात्र १४० गेला. पाऊस येणार अशी बातमी होती आणि यार्डात उघड्यावर माल होता, हे कारण की निमित्त ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक नुकसानही झालं, तेही लिहितो, नाहीतर सातारकर म्हणतील लपवलं. घरात सात ते साडेआठ फोन तांदळाच्या डब्यात असतात. एके दिवशी साडेसातला बाहेरच्या एका व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला. मी पावणेनऊला लावला तर त्यानं दुसरीकडं सौदा केला होता. वीस क्विंटल हातचे गेले. त्या रात्री झोप लागली नाही. डब्याचा नेम बंद करून टाकावा असं दोन दिवस चाललं होतं डोक्यात.

तिरकस_सातारकर
१९ मार्च, संध्याकाळी ६:४२

मी काही बोललो नाही. (पण बोललो होतो.)

कडेगावची_लेक
१९ मार्च, संध्याकाळी ६:४५

मग बंद का नाही केला?

सौदेकरी
१९ मार्च, संध्याकाळी ६:५४

व्यापाऱ्यांना सांगितलं, सात ते साडेआठ दुकानाच्या नंबरवर लावा, दिवाणजी असतात. दोघं कुरकुरले, बाकीच्यांना फरक पडला नाही. एक तर म्हणाला, "बरं झालं, मला पण त्या वेळी जेवायचं असतं."

पण खरं कारण ते नाही. तिसऱ्या दिवशी आमटीचा पहिला घास घेतला आणि तोंडातनं निघून गेलं, "आई, मीठ जास्त झालंय." आई एकदम गप्प. मला वाटलं, रागावली. तर म्हणाली, "मुद्दाम घातलंय. बघत होते."

आमच्या गल्लीत भोंगा नाही, म्हणून आईनं कुकर ठरवलाय. सातच्या ठोक्याला तिसरी शिट्टी होईल असा बेतानं लावते. आत्ता दुसरी झाली.

मिरजकर_डॉक्टरीण
१९ मार्च, संध्याकाळी ६:५६

आईंना माझा नमस्कार सांगा. प्रयोगाची रचना उत्तम आहे.

बॅकलॉग
१९ मार्च, संध्याकाळी ६:५८

काका, एक शेवटचं. ढेकर येतो का आता?

सौदेकरी
१९ मार्च, संध्याकाळी ७:००

जेवणाचा येतो. फोनचा अजून

तिसरी झाली. डबा उघडून उभी आहे ती.